तुमचे घर कोणत्या पूररेषेत आहे? नळदुर्गच्या घरमालकांनी पावसाळ्याआधी समजून घ्यावे असे काही

निळी रेषा, लाल रेषा, सरकारी मदत आणि घराचा विमा : सोप्या भाषेत

बोरी धरण भरून पाणी सुटले की नळदुर्गच्या किल्ल्यात नर आणि मादी हे दोन्ही धबधबे कोसळू लागतात. सोलापूर, लातूर आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातून लोक ते पाहायला येतात, व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. तेच पाणी पुढे अक्कलकोट तालुक्यात जाते आणि भीमेला मिळते. ऑक्टोबर 2020 च्या अतिवृष्टीत याच बोरीने अक्कलकोट तालुक्यातील नदीकाठच्या गावांना वेढा घातला होता. पाहणीसाठी तत्कालीन मुख्यमंत्री सांगवीच्या पुलापर्यंत आले होते.

धाराशिवची ओळख दुष्काळी जिल्हा अशी आहे. टँकर, चारा छावणी, पाणीटंचाई हे शब्द इथे रोजचे. पूर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कोल्हापूर, सांगली किंवा चिपळूण येते. सप्टेंबर 2025 ने हा समज पुसून टाकला. परंडा तालुक्यात लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले, सीना आणि मांजरा नद्यांनी शेतांसह घरेही बुडवली.

त्यामुळे दोन प्रश्न आता नळदुर्गच्या घरमालकानेही विचारायला हवेत. माझे घर पुराच्या कोणत्या पट्ट्यात येते? आणि पाणी घरात शिरले तर दुरुस्तीचा खर्च कोण देणार?

पूररेषा म्हणजे काय?

नदीला पूर आल्यावर पाणी कुठपर्यंत पोहोचू शकते, याचा हिशेब करून नकाशावर काढलेली रेषा म्हणजे पूररेषा. महाराष्ट्रात ही रेषा जलसंपदा विभाग ठरवतो. त्यासाठीचे मूळ परिपत्रक 1989 चे आहे. रेषा दोन प्रकारच्या असतात.

- निळी पूररेषा : सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, किंवा नदीच्या पात्रात मावणाऱ्या पाण्याच्या दीडपट प्रवाहाची पातळी. यातली जी जास्त, ती धरली जाते.
- लाल पूररेषा : सरासरी 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या मोठ्या पुराची पातळी.

नदीपात्र ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. इथे उद्यान, मोकळे मैदान, वाहनतळ, उघडा भाजीबाजार अशा गोष्टी चालतात. नवीन घर चालत नाही. निळी ते लाल रेषा हा नियंत्रित पट्टा. इथे बांधकामाला परवानगी मिळू शकते, पण अट अशी की ते लाल पूररेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर म्हणजे साधारण दीड फूट उंच असले पाहिजे. राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीत हे स्पष्ट लिहिले आहे.

म्हणजे ‘प्लॉट पूररेषेत आहे’ एवढे ऐकून भागत नाही. कोणत्या रेषेत, हे विचारावे लागते. निळ्या रेषेच्या आतला प्लॉट घरासाठी घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. नियंत्रित पट्ट्यातला प्लॉट घेता येतो, पण जोत्याची उंची आणि भराव यांचा खर्च आधीच धरायला हवा.

‘100 वर्षांतून एकदा’ याचा खरा अर्थ

इथे बहुतेकांची गल्लत होते. ‘25 वर्षांतून एकदा’ म्हणजे आज पूर आला की पुढची 24 वर्षे निवांत, असे नाही.

एक डबा आहे, त्यात 100 चिठ्ठ्या आहेत असे समजा. चार चिठ्ठ्यांवर ‘पूर’ लिहिले आहे. दर पावसाळ्यात एक चिठ्ठी काढायची, वाचायची आणि परत डब्यात टाकायची. यंदा ‘पूर’ निघाला म्हणून पुढच्या वर्षी त्या चार चिठ्ठ्या कमी होत नाहीत. निळ्या रेषेचा अर्थ हा आहे : दरवर्षी 4 टक्के शक्यता. लाल रेषेसाठी डब्यात एकच चिठ्ठी : दरवर्षी 1 टक्का.

आता हीच चिठ्ठी गृहकर्जाच्या 20 वर्षांत 20 वेळा काढा. निळ्या रेषेवरच्या घरात या काळात किमान एकदा पाणी येण्याची शक्यता होते सुमारे 56 टक्के. लाल रेषेवरच्या घरासाठी ती सुमारे 18 टक्के. पहिल्या घराचा हिशेब नाणेफेकीपेक्षा वाईट आहे. दुसऱ्याचाही पाचात एकाच्या जवळ जातो. 1 टक्का ऐकायला किरकोळ वाटते, पण घर एका वर्षासाठी घेतलेले नसते.

रेषेच्या बाहेर म्हणजे सुरक्षित का?

नाही. त्याची तीन कारणे आहेत.

पहिले, रेषा जुन्या नोंदींवर आणि त्या वेळच्या पात्रावर काढलेली असते. नंतर पात्रात भराव पडला, पूल झाला, गाळ साचला की कमी पाण्यातही पातळी वाढते. पुण्यात मुठा नदीची निळी रेषा खडकवासल्यातून 60 हजार क्युसेक आणि लाल रेषा 1 लाख क्युसेक विसर्गावर धरली आहे. तरी 25 जुलै 2024 च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत सोसायट्यांमध्ये पाणी शिरले, तेव्हा विसर्ग सुमारे 35 हजार क्युसेक होता. निळ्या रेषेच्या आकड्यापेक्षा तो बराच खाली होता.

दुसरे, निसर्ग जुना विक्रम मोडतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले. 2005 चा पूर हाच सर्वात मोठा, असे मानून घरातले सामान वरच्या फळीवर ठेवणाऱ्यांची ती फळीही बुडाली.

तिसरे आणि आपल्यासाठी सर्वात महत्त्वाचे कारण म्हणजे ओढे आणि नाले. पूररेषा सहसा मोठ्या नदीची काढली जाते. पण लहान शहरांत घरात पाणी शिरते ते अनेकदा गल्लीमागच्या ओढ्यातून किंवा तुंबलेल्या गटारीतून. मराठवाड्यात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बंगालच्या उपसागरातील कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे थोड्या तासांत प्रचंड पाऊस पडतो. जमीन आधीच भिजलेली असते, धरणे भरलेली असतात. अशा वेळी एरवी कोरडा असणारा ओढाही घराच्या उंबऱ्यापर्यंत येतो. त्याची रेषा कुठल्याच नकाशावर नसते.

नळदुर्गमध्ये हे कुठे आणि कसे विचारायचे?

घर किंवा प्लॉट घेण्याआधी, आणि घर आधीच असेल तर एकदा तरी, हे करा.

- नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात किंवा नगररचना कार्यालयात झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. तुमच्या सर्व्हे किंवा गट नंबरवर पूररेषा दाखवली आहे का, हे लेखी घ्या.
- तोंडी उत्तर मिळत असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. जलसंपदा विभागाकडे ‘अमुक ठिकाणी बोरी नदीची निळी व लाल पूररेषा निश्चित झाली आहे का, असल्यास नकाशाची प्रत द्यावी’ एवढाच प्रश्न पुरेसा आहे.
- एनए प्लॉट असेल तर मंजूर रेखांकनाचा नकाशा स्वतः पाहा. त्यात नाला दाखवला आहे का आणि प्रत्यक्ष जागेवर तो आहे की बुजवला आहे, हे ताडून बघा. गुंठेवारीच्या प्लॉटमध्ये ही तपासणी दुप्पट काळजीने करा.
- शेजारच्या जुन्या माणसांना विचारा. 2020 ला पाणी कुठवर आले होते? कोणत्या भिंतीवर खूण आहे? नकाशात नसलेली माहिती अनेकदा भिंतीवर असते.

नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 मध्ये बांधला गेला. ज्यांनी बोरीवर तो बंधारा घातला, त्यांनी जादा पाणी कुठून जाईल हे आधी ठरवले आणि त्यासाठी नर-मादीची वाट ठेवली. म्हणून चारशे वर्षांनंतरही ती वास्तू उभी आहे. आपण मात्र आधी प्लॉट पाडतो आणि पाण्याची वाट नंतर शोधतो.

सरकारी मदत किती मिळते?

पुरानंतर पंचनामा होतो, मदत जाहीर होते. ती मिळायलाच हवी आणि त्यासाठी अर्ज करायलाच हवा. पण ती नुकसानभरपाई नाही, तातडीचा आधार आहे. हा फरक आकड्यांतून कळतो. 7 ऑक्टोबर 2025 रोजी राज्य सरकारने 31,628 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात आणि आपत्ती मदतीच्या निकषांत घरांसाठीचे दर असे आहेत :

- पूर्ण पडलेले घर (सपाट भाग) : 1,20,000 रुपये
- अंशतः पडझड, पक्के घर : 6,500 रुपये
- अंशतः पडझड, कच्चे घर : 4,000 रुपये
- झोपडी : 8,000 रुपये
- घराला जोडलेला गोठा : 3,000 रुपये

बहुतेक घरे पुरात पूर्ण पडत नाहीत. पाणी कमरेएवढे येते, दोन दिवस राहते, निघून जाते. मागे राहतो गाळ, फुगलेले दरवाजे, जळालेली वायरिंग, बंद पडलेला फ्रिज, भिजलेले धान्य आणि गादी. हे सारे ‘अंशतः’ या रकान्यात जाते. 6,500 रुपयांत एका खोलीचे प्लास्टर आणि रंगही नीट होत नाही.

शेतकरी कुटुंबांचा आणखी एक गैरसमज असतो : ‘आपला विमा आहे की.’ पीकविमा शेतातल्या पिकाचा असतो, घराचा नाही. घर, त्यातले सामान आणि कोठीतले धान्य त्यात येत नाही.

घराच्या विम्यात पूर येतो का?

येतो. ही बातमी चांगली आहे आणि फार थोड्यांना माहीत आहे.

अमेरिकेत घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरत नाहीत. तिथे 1968 पासून सरकारचा वेगळा पूर विमा कार्यक्रम आहे. लाल रेषेसारख्या, म्हणजे वर्षाला 1 टक्का शक्यतेच्या पट्ट्यातले घर सरकारी हमीच्या कर्जावर घ्यायचे तर तो सक्तीचा आहे. भारतात असा वेगळा पूर विमा घ्यावा लागत नाही. विमा नियामक ‘इर्डा’ने 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी लागू केली. आग विम्याचा व्यवसाय करणाऱ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ती द्यावी लागते. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, घरात पाणी साचणे, दरड, पाण्याची टाकी फुटणे हे सारे तिच्या मूळ संरक्षणातच आहे. पाणी नदीचे की नाल्याचे, यावरून फरक पडत नाही.

तिच्यातल्या काही गोष्टी कामाच्या आहेत :

- घराच्या इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाला आपोआप 20 टक्के रकमेचे संरक्षण मिळते, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत. प्रत्येक वस्तूची यादी द्यावी लागत नाही.
- पॉलिसी 10 वर्षांपर्यंत एकदम घेता येते. अशा दीर्घ मुदतीच्या पॉलिसीत विम्याची रक्कम दरवर्षी 10 टक्क्यांनी वाढते, त्यासाठी वेगळा हप्ता नाही.
- घर राहण्यायोग्य राहिले नाही तर पर्यायी घराच्या भाड्याचीही तरतूद आहे.
- पूर आल्यावर सात दिवसांच्या आत घरातून चोरी झाली तर तीही धरली जाते.
- भाडेकरू फक्त सामानाचा विमा घेऊ शकतो.

किती रकमेचा घ्यायचा?

इथे जागेची किंमत मोजायची नाही. पूर जमीन वाहून नेत नाही, विमाही जमिनीचा नसतो. तेच घर आज पुन्हा बांधायला किती लागतील, ती रक्कम धरायची.

उदाहरण म्हणून 700 चौरस फूट चटई क्षेत्राचे घर घ्या. बांधकामाचा खर्च चौरस फुटाला 2,000 रुपये धरला तर रक्कम होते 14 लाख. सामानाला आपोआप 2 लाख 80 हजारांचे संरक्षण. तुमच्या भागातला खरा दर गवंडी किंवा इंजिनिअरला विचारून घ्या. हप्ता कमी करण्यासाठी क्षेत्रफळ कमी सांगू नका; दाव्याच्या वेळी ते अंगाशी येते. हप्ता ठरवताना दोन-तीन कंपन्यांचे दर मागवा, त्यात एक सरकारी कंपनी असू द्या.

काय मिळत नाही?

रोख रक्कम आणि वाहन घराच्या विम्यात नाही. दागिने हवे असतील तर वेगळी भर घ्यावी लागते. जुनाट गळती, ओल, देखभालीअभावी झालेले नुकसान म्हणजे पूर नव्हे. अर्जात खोटी माहिती दिली असेल तर दावा अडतो.

मराठवाड्यात आणखी एक अडचण आहे. माळवदाची, मातीच्या भिंतींची घरे संततधार पावसात ढासळतात आणि नेमक्या याच घरांचा विमा उतरवताना कंपन्या कां-कू करतात. अशा घराचे बांधकाम कशाचे आहे हे अर्जात स्पष्ट लिहा आणि कंपनीकडून ‘या बांधकामाला संरक्षण आहे’ असे लेखी घ्या. मालकीच्या पुराव्यासाठी नगरपरिषदेचा मालमत्ता कराचा उतारा, सिटी सर्व्हेचे प्रॉपर्टी कार्ड, गावठाणात स्वामित्व योजनेतून मिळालेली सनद जवळ ठेवा.

‘बँकेने विमा काढला आहे’

गृहकर्ज घेतलेल्यांनी आजच कागद काढून बघावा. कर्जासोबत काढलेला विमा बहुतेकदा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो : कर्जदार दगावला तर कर्ज फिटते. त्यात घर बुडण्याचा संबंध नाही. घराचा विमा असलाच तर तो कित्येकदा फक्त कर्जाच्या रकमेएवढा असतो आणि दाव्याची रक्कम आधी बँकेकडे जाते. पॉलिसीवर ‘गृह रक्षा’ किंवा ‘अग्नी व तत्सम धोके’ असे आहे का, रक्कम किती आणि मुदत संपली का, हे तीन मुद्दे तपासा.

पाणी शिरलेच तर

1. आधी जीव, मग सामान. मुख्य स्विच बंद करा. वीज तपासल्याशिवाय उपकरणे सुरू करू नका. पाण्यात बुडालेली गाडी चालू करू नका. इंजिन बिघडले तर साध्या वाहन विम्यातून पैसे मिळणे कठीण होते.
2. साफसफाईआधी फोटो आणि व्हिडिओ काढा. भिंतीवरची पाण्याची खूण तारखेसह टिपा.
3. विमा कंपनीला लगेच कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. सर्वेक्षक येईपर्यंत खराब वस्तू फेकू नका. फेकावीच लागली तर फोटो ठेवा.
4. महसूल विभाग किंवा नगरपरिषदेच्या पंचनाम्यात नाव आल्याची खात्री करा आणि प्रत घ्या. ती दाव्यालाही उपयोगी पडते.
5. दावा नाकारला किंवा 30 दिवसांत उत्तर आले नाही तर ‘विमा भरोसा’वर किंवा 155255 या क्रमांकावर तक्रार करा. त्यानंतर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि 50 लाख रुपयांपर्यंतचे दावे ऐकले जातात.

आमचे म्हणणे

दुचाकी रस्त्यावर आणायची तर विमा सक्तीचा आहे. आयुष्याची कमाई घातलेले घर मात्र विम्याविना उभे असते. तरी सगळा दोष घरमालकाला देणे योग्य नाही. ज्याला आपले घर कोणत्या रेषेत आहे हेच कोणी सांगितले नाही, त्याने धोका कसा मोजायचा?

म्हणून नगरपरिषद आणि जलसंपदा विभागाने किमान दोन गोष्टी कराव्यात. बोरीची आणि शहरातल्या मोठ्या ओढ्यांची पूररेषा निश्चित करून ती मोबाइलवर दिसेल अशी प्रसिद्ध करावी; आणि 2020, 2025 मध्ये पाणी जिथवर आले त्या पातळीचे पट्टे विजेच्या खांबांवर, शाळांच्या भिंतींवर रंगवावेत. खर्च रंगाच्या डब्याचा आहे, उपयोग पिढ्यांचा.

राज्य सरकारनेही नागालँडकडे पाहावे. त्या राज्याने पावसाच्या मोजमापावर आधारित आपत्ती विमा स्वतः घेतला आहे. माळवदाच्या घरात राहणाऱ्याला कंपनी दारात उभे करत नसेल, तर त्याच्यासाठी असा सामूहिक विमा सरकारने घ्यायला हवा. दर पुरानंतर हजारो कोटींचे पॅकेज जाहीर करून 6,500 रुपये हातावर ठेवण्यापेक्षा ते शहाणपणाचे ठरेल.

एक गोष्ट मात्र विसरू नये. विमा भिंत बांधून देईल, पूर थांबवणार नाही. निळ्या रेषेच्या आत घर बांधून वर विमा काढणे हा उपाय नव्हे. आधी पाण्याची वाट सोडायची, मग घर बांधायचे आणि त्यानंतर विमा घ्यायचा. क्रम हाच ठेवावा लागेल. ढग दाटून आल्यावर पॉलिसी शोधण्यापेक्षा या कामांसाठी मे महिन्यातली एक दुपार काढलेली बरी.